इनासबाबांचं खोटं उपकेंद्र

'बदल्यांची यादी' असं नाव दिसलं की मी कुठलाही ई-मेल उघडतो. त्या बुधवारी उघडला, आणि समोरच्या पडद्यावर सावंतवाडीपासून इन्सुलीपर्यंत एकेक गाव काळं पडत गेलं. वीज उपकेंद्रात वीस वर्षं काढलेल्या माणसाने अशा वेळी काय करावं? मी बायकोला फोन केला. "लाईट जातली गो, पाणी भरून ठेय!" तिने वाडीभर सांगितलं. दहा मिनिटांत वाडीतले सगळे पंप चालू.

मागे आमचे वरिष्ठ इनासबाब उभे होते.

"काय रे, घरात चोर शिरलो तर पयलो दरवाजो लावतंस की बायलेक फोन करतंस? आणि डोक्यार ट्यूबलाईट पेटता, ती दिसना नाय तुका?"

खरंच पेटत होती. काळं पडलेलं उपकेंद्र खोटं होतं. इनासबाबांनी आमच्या उपकेंद्राची हुबेहूब नक्कल एका वेगळ्या संगणकात उभी केली होती, आणि त्या दिवशी न सांगता मला त्याच्यासमोर बसवलं होतं; तो ई-मेलही त्यांनीच पाठवला होता. पुढे दर बुधवारी ते स्वतः हॅकर होत आणि आम्ही बचाव करायचा. खिशात रोझरी, चहात खाजं बुडवून खाणारा हा निवृत्तीला आलेला गृहस्थ हल्ला करताना मात्र दयामाया दाखवत नसे.

त्या नकलेत वीजवाहिन्यांना नंबर नव्हते, नावं होती. 'नळयोजना.' 'रुजायमावशीचं ऑक्सिजनचं मशीन.' आम्ही हरलो की कोण काळोखात गेलं ते पडद्यावर यायचं. रुजायमावशीला मी सात वेळा मारलं. वाडीत तिच्या खऱ्या घरावरून जाताना मान वर होत नसे.

"नंबर लिवा मरे," मी एकदा वैतागून म्हटलं.

"नंबर काळोखात बसना नाय रे. माणूस बसता."

गेल्या वर्षी इनासबाब वारले. यंदा एका दुपारी खऱ्या पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला. माझा हात माउसवर नव्हता. बाण निघाला तो थेट रुजायमावशीच्या वाहिनीकडे. मी उठलो, बाहेरून येणारी नेटवर्कची वायर उपटली, सहकाऱ्यांना बाहेर यार्डातल्या स्विचांकडे पिटाळलं, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही सगळं हाताने चालवलं. गावात एक पंखा थांबला नाही, त्यामुळे कोणाला काही कळलंही नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं.

"खोट्या दिसाक माका सगळे हंडे भरूक लावलात," ती म्हणाली. "आज खराच होता, तर एक फोन नाय?"

"आठवाकच नाय गो."

तिने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "बरा शिकवल्यान हां तुमका इनासबाबान."