घरात तिघंच

पायलट व्हायचं तर आधी सगळं अंग तपासून घ्यावं लागतं, हे मला बारावी होईपर्यंत माहीत नव्हतं. डोळे, कान, रक्त, छातीचा ईसीजी. माझं सगळं ठणठणीत निघालं. वांग्याच्या वाफ्यात वाढलेल्या पोरीला काय धाड भरलीय! घोळ झाला तो कागदावर. त्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, घरात कुणाला फिट येतात का? पुढं दोन चौकोन होते, हो आणि नाही.

माझ्या अक्काला फिट येतात. अक्का माझी सख्खी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी लहान असताना ती चुलीपाशी, विहिरीपाशी, भर बाजारात, कुठंही पडायची. कुणी कांदा फोडून हुंगवायचं, कुणी चप्पल नाकाशी धरायचं. मग आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात तिचं कार्ड निघालं, दर महिन्याला गोळ्या मिळू लागल्या, आणि त्यानंतर चार वर्षं ती एकदाही पडली नव्हती. तरी घरात त्यावर बोलणं नाही. तिचं लग्न व्हायचं होतं ना! आई म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी 'नाही'पुढं खूण केली. हात थरथरला, घाम फुटला असं सांगायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. पुढच्या प्रश्नाचं उत्तर लिहायला मी तेवढ्याच सहज वळले.

घरी आल्यावर मात्र चोराच्या मनात चांदणं. मी बाबांना बाजूला घेऊन म्हटलं, "बाबा, अक्काचं कुटं कागदावर येऊ देऊ नोका. चौकशी झाली तं माहं पायलटचं जाईन." बाबांनी नुसती मान हलवली. आमच्याकडं सरकारी कागदाला माणूस सापापेक्षा जास्त भितो. तहसीलातल्या एका चुकीच्या ओळीपायी बाबांचे चुलते जिवंतपणी मयत ठरले होते आणि 'मी जिता आहे' हे पटवायला त्यांना किती खेटे घालावे लागले ते बाबांनी पाहिलं होतं. अशा माणसाला मी 'चौकशी' हा शब्द दिला.

पंधरा दिवसांनी मोटारसायकलवरून पोलीस आला. मी पासपोर्टसाठी अर्ज केला होता, त्याची नेहमीची पडताळणी होती. बाबांनी ती फिटचीच चौकशी धरली. फटफटीचा आवाज ऐकताच त्यांनी अक्काला मागच्या दारानं वांग्याच्या शेतात पिटाळलं. मी त्यांना थांबवू शकले असते. 'बाबा, हा पासपोर्टवाला आहे,' एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्याही मनात आलं, राहू दे, काय बिघडतं?

पोलीस तेलुगू बोलणारा, भला माणूस होता. चहा पिता पिता त्यानं विचारलं, "इंट्लो एंतमंदी?" घरात किती जण?

बाबा म्हणाले, "मुग्गुरु." तिघं.

आम्ही चौघं होतो. मी बाबांच्या शेजारी उभी होते, आई दारात होती. कपबशी उचलायला आई इतक्या घाईनं पुढं झाली की बशीतला चहा तिच्या हातावर सांडला. पोलीस गेल्यावर अक्का परत आली. पदरात चार वांगी तोडून आणली होती. "गेला का वं?" असं विचारून ती भाकरी थापायला बसली. ती काही बोलली नाही म्हणून आम्हीही काही बोललो नाही.

मग सरकारी शिष्यवृत्तीवर माझं शिक्षण सुरू झालं. दुसऱ्या राज्यात माळावरची एक धावपट्टी, चार छोटी विमानं, पत्र्याचं शेड. दुसऱ्याच आठवड्यात बाबांचा फोन आला. "अक्काचं कार्ड बंद केलं म्या. दवाखान्यात जानंच नाही आता. रजिस्टरात नावच नाही दिसलं तं कोन काय करते? तू आपलं इमान शिक."

मी म्हटलं, "बरं."

गोळ्या मेडिकलमधून आणत असतील, असं मी धरून चालले. चिठ्ठीशिवाय मेडिकलवाला त्या गोळ्या देत नाही, हे मला ठाऊक होतं. तरीही धरून चालले. आणि शिकवलं जात होतं नेमकं उलटं. आमच्या सरांना 'सर, मी धरून चाललो' या वाक्याचा भयंकर राग. पेट्रोल किती आहे हे काट्यावर बघायचं नाही, पंखावर चढून टाकीचं झाकण उघडायचं, पट्टी बुडवायची आणि ओली खूण डोळ्यांनी बघायची. रोज, न चुकता. माझी ती पट्टी एकही दिवस चुकली नाही. सर इतरांना माझं उदाहरण द्यायचे. आणि 'अक्का, गोळी चालू आहे ना?' हे पाच शब्द विचारायला मला कितीतरी महिन्यांत सवड झाली नाही.

मी पहिल्यांदा एकटीनं विमान उडवून उतरवलं, त्या दिवशी रिवाजाप्रमाणं पोरांनी माझ्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं. ओल्या कपड्यांनिशी मी घरी व्हिडिओ कॉल लावला. बाबा हसत होते, आई रडत होती. अक्का कडेला होती. "पडली नाही ना वं वरून?" म्हणाली. तिचा उजवा हात पदराखाली होता. आमची अक्का हातवारे केल्याशिवाय एक वाक्य बोलत नाही. मला दिसलं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कळलं असतं.

वर्ष भरत आलं तेव्हा आठ दिवसांच्या सुट्टीवर घरी गेले. अक्का ओसरीवर मेथी निवडत होती, डाव्या हातानं. उजवा तळहात तांबूस, ताणलेला, शेवटची दोन बोटं आत वळून चिकटलेली. घरात कुणी नसताना तव्यापाशी फिट आली होती आणि हात तव्यावरच राहिला होता. मोठ्या दवाखान्यात नेलं असतं तर कागद झाला असता, म्हणून गावातल्या आरएमपीकडून, म्हणजे बिनडिग्रीच्या डॉक्टरकडून, मलम लावून घेतलं. त्याच्याकडं रजिस्टर नसतं.

मी तिच्याजवळ बसले. तिनं विचारलं, "झाली का वं पायलट?"

"अजून नाही अक्का. उडायचे थोडे तास बाकी हायेत."

"मंग मी गोळी कवा सुरू करू?"

तिनं माझी परवानगी मागितली. थोरल्या बहिणीनं, धाकटीकडं. आणि मी लगेच बोलले नाही. माझी वार्षिक तपासणी पुढच्याच महिन्यात होती, तोच फॉर्म, तेच दोन चौकोन. मी मनातल्या मनात दिवस मोजत होते. फार वेळ नाही, दोन श्वासांचा असेल. पण तिनं तो पाहिला.

"राहू दे," ती म्हणाली. "आनखी एक महिना काढते मी. पडाच्या आधी मले समजते आता."

मला स्वतःची इतकी शिसारी कधीच आली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं डाळीच्या डब्यातून कार्ड काढून दिलं आणि मी अक्काला घेऊन आदिलाबादला गेले. डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला, कार्डावरचे मधले कोरे महिने पाहिले आणि मला विचारलं, तुम्ही हिच्या कोण? मी धाकटी बहीण म्हणून सांगितलं. "शिकलेल्या दिसता," त्या म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात मी 'हो'पुढं खूण केली. सख्खी बहीण, असंही लिहिलं. आता आपलं विमान जमिनीवरच, असं मनाशी ठरवून बसले होते. तपासणारे डॉक्टर म्हातारे होते. मला कधी फिट आली का, डोक्याला मार लागला का, असं त्यांनी विचारलं, मग डोक्याला तारा लावून एक जादा तपासणी करायला पाठवलं. ती चांगली आली. त्यांनी सही केली. "मागच्या वेळी का लिहिलं नाही?" मी म्हटलं, भीती वाटली. ते चिडले. "बहिणीच्या फिटनं तुझं काही जाणार नव्हतं. खोट्यानं मात्र गेलं असतं." आणि त्यांनी पुढच्या मुलाला हाक मारली.

बाहेर येऊन मी अक्काला फोन केला. सगळं सांगितलं.

"म्हंजे मले लपवाची गरजच नवती?"

"नवती, अक्का."

पलीकडं कुठंतरी कोंबडी ओरडली. मग अक्का हळू आवाजात म्हणाली, "बाबाले सांगू नोको हे. त्यायले झोप येनार नाही."

मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.