डोहाकडे जाणारा रस्ता

वाळूचे ढीग सरकारी माणसं निदान टेप लावून मोजतात तरी. आमच्या डोह बचाव समितीचे किस्से मात्र कुणी मोजत नाही, ते नुसते साठत जातात. शहागडच्या फाट्यावर चहाला दोघे भेटलो की एखादा निघतोच. पूर्वी ऐकणारे हसायचे, आताशा अर्ध्यातच मोबाईल काढतात.

समिती सात जणांची. मी अध्यक्ष, कारण रिटायर मास्तर आणि अक्षर चांगलं. अंगणवाडीच्या वंदनाताई सेक्रेटरी. आणि किसनमामा भोई, ज्यांच्या तीन पिढ्यांनी त्या डोहात जाळं टाकलं. आसपासचं गोदावरीचं पात्र वाळूसाठी उपसून उपसून नुसते खड्डे झालेत. डोह तेवढा वाचला, कारण त्याच्या काठाला उभी दरड. टिप्पर उतरूच शकत नाही. उन्हाळ्यात गावच्या विहिरीला पाणी राहतं ते या डोहाच्या जीवावर.

* * *

पहिल्या तक्रारीच्या वेळी तहसीलच्या साहेबांनी गाड्यांचे नंबर मागितले. सगळ्या नंबरप्लेटी चिखलाने माखलेल्या. वंदनाताईंनी फाट्यावर उभ्या असलेल्या एका टिप्परची प्लेट सरळ पदराने पुसायला घेतली.

ड्रायव्हर खाली उतरला. मला वाटलं, आता मार खातो आपण. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. "घ्या ताई, बराबर धुवा. मागची बी धुवा."

आम्ही नंबर दिला. आठवड्याने तोच टिप्पर एका सरकारी कंपाउंडच्या भिंतीसाठी वाळू टाकताना दिसला. प्लेट अजून स्वच्छ होती.

* * *

हा किस्सा माझ्यावरचा आहे, तो मीच सांगितलेला बरा. समितीची मीटिंग माझ्या घरी होती. पोर्चचं काम चाललेलं. ठेकेदाराला मी बजावलं होतं की आपल्या नदीची वाळू नको. तरी ढिगावर ताडपत्री टाकून ठेवली. का टाकली, ते मला माहीत होतं.

किसनमामांनी चप्पल काढता काढता ताडपत्री उचलली, मूठभर वाळू तळहातावर घोळली आणि परत जागेवर ठेवली. "आपलीच हाय, गुरुजी," म्हणाले, आणि आत येऊन बसले. त्या दिवशीचा ठराव मीच लिहिला. कडक भाषेत.

* * *

मग निवडणूक आली. जो डोह वाचवायचं वचन देईल त्याला जाहीर पाठिंबा द्यायचा, असं ठरलं. किसनमामा म्हणाले होते की पुढाऱ्याला डोह दाखवूच नका. त्यांचं कोण ऐकतो!

पहिल्या उमेदवाराने विचारलं, वाळू बंद केल्यावर गरिबांची घरकुलं कशाने बांधायची? वंदनाताईंनी प्रश्न वहीत लिहून घेतला, तो अजून तिथंच आहे. दुसऱ्याच्या मागच्या गाडीतून वाळूचा ठेकेदारच उतरला आणि वाकून माझ्या पाया पडला. माझाच विद्यार्थी, वर्गात पहिला यायचा.

तिसरे उमेदवार, सगळे ज्यांना भाऊ म्हणायचे ते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये फोनसुद्धा उचलला नाही. म्हणाले, डोहाचं पाणी ओंजळीत घेऊन शपथ घेतो, बिलकुल मागे हटणार नाही. एवढं ऐकणारा माणूस आम्हाला पहिल्यांदाच भेटला होता. आम्ही भाळलो.

* * *

अडचण एकच, भाऊंचे गुडघे. दरडीवरून उतरायला भोयांनी पिढ्यान्पिढ्या पाऊल ठेवून ठेवून केलेल्या खोबणी होत्या. भाऊंना त्या जमणार नव्हत्या.

आम्ही श्रमदान केलं. चार दिवस कुदळी चालवून दरड फोडली आणि गाडी थेट पाण्याला लागेल असा उतार केला, दगड टाकून पक्का. सहा जण राबलो. किसनमामा वर बसून राहिले.

"गुरुजी, दरड हे डोहाचं दार हाय," ते म्हणाले. "हितं माणसानं उतरावं, चाकानं न्हाई."

मी त्यांना समजावलं, की एकदा भाऊ निवडून आले की डोह कायमचा सुरक्षित. चाळीस वर्षं पोरांना समजावलं, त्याच आवाजात.

शपथ झकास झाली. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाठिंब्याचं पत्र वाचलं, वंदनाताईंनी फोटो काढले.

* * *

भाऊ निवडून आले. नंतर फोन लावला की पीए म्हणायचा, साहेब मीटिंगमध्ये आहेत. महिनाभराने पहिला टिप्पर आमच्या उतारावरून खाली गेला. काचेवर भाऊंचा प्रचारातला फोटो होता, हात जोडलेला. मी रस्त्यात आडवा उभा राहिलो, तर ड्रायव्हरने अदबीने विचारलं, "सर, रस्ता तुमीच केला ना? लई चांगला केला."

पावसाळा यायच्या आत डोह गुडघाभर राहिला आणि गावची विहीर आटली. मला त्या दिवसांत विहिरीकडून जायची लाज वाटायची. आजही वाटते.

* * *

शेवटी आमच्या तक्रारीवरून तलाठी पंचनाम्याला आला. टिप्पर अर्थातच एकही नव्हता. त्याने डोह पाहिला, उतार पाहिला आणि कागद काढला. नदीकाठ फोडून बेकायदा रस्ता केलेला दिसतो, म्हणाला. कोणी केला?

आम्ही सहा जण शेजारी शेजारी उभे होतो. वंदनाताई मोबाईल पदराखाली घट्ट धरून होत्या, फोटो त्यातच होते. मी माझ्या चपलांकडे बघत होतो.

"कोणी केला, ते लिहावं लागतंय," तलाठी परत म्हणाला.

मागून किसनमामा पुढे आले. खांद्यावर कोरडं जाळं होतं.

"लिवा. किसन भोई."

तलाठ्याने माझ्याकडे पाहिलं. मामांनी अंगठा उमटवला, बोट जाळ्याला पुसलं आणि आमच्या उताराकडे न वळता दरडीच्या उरलेल्या खोबणींवर पाय ठेवत वर निघून गेले.

तलाठ्याने कागद माझ्यापुढे धरला. पंच क्रमांक एक म्हणून मी खाली सही केली.