ओळखीचा सूर

एमएस्सीला असताना मी तारनाक्याच्या तळ्याकाठी बेडकांचे आवाज टेप करायचे. नर दिसायला सगळे सारखेच. मादी मात्र ओळखीच्या सुराचाच निवडते, आणि पिढ्यान्‌पिढ्या अशी निवड होत गेली की एका जातीच्या दोन जाती होतात.

त्याच वर्षी पुण्याचं स्थळ आलं. मुलगा नव्या कम्प्युटर कंपनीत होता. अमेरिकेच्या व्हिसावर तासभर डराव डराव करत बसला. "इथलीच का गं तू?" त्याच्या आईनं विचारलं. मी आमच्या दखनी वळणानं "हौ" म्हणाले, तर बाई फिदीफिदी हसल्या.

आठवड्यानं उपकार केल्यासारखा होकार आला: "मुलगी पसंत आहे, भाषा आम्ही सुधारून घेऊ."

"काय कळवू?" बाबांनी पेन उघडत विचारलं.

"नक्को," मी म्हटलं. "अस्संच लिहा, जोडाक्षरासकट."