काट्या टाकलेली वाट

मी मूळची वाईची. आमच्या बौद्ध वस्तीतून सरकारी नोकरीत लागलेली पहिली मुलगी. कवठे महांकाळच्या तहसील कचेरीत कारकून होते तेव्हा प्रशिक्षणावरच्या एक तरुण आयएएस मॅडम काही महिन्यांसाठी तहसीलदार म्हणून आल्या. मिझोरामच्या. मराठी शिकल्या त्या जीपच्या ड्रायव्हरकडून, त्यामुळं पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बाई, लय फायली हायत की!" अख्खी कचेरी हसली, त्याही हसल्या.

त्यातली एक फाईल रस्त्याची होती. एका निवृत्त सुभेदारांनी आपल्या बांधावरची वाट बाभळीच्या काट्या टाकून अडवली होती, आणि पलीकडच्या बौद्ध वस्तीनं तक्रार केली होती.

सुनावणीला मॅडमना बघून रांगेत कोणीतरी "नेपाळच्या दिसत्यात" असं कुजबुजलं. सुभेदार गरजले, "गप रं! मिझोरामच्या हायत. तीन वर्षं काढलीत मी तिकडं." मॅडमचा चेहरा उजळला. पाच मिनिटं दोघं तिथल्या डोंगरांवर बोलत राहिले. मला वाटलं, झालं, निकाल सुभेदारांच्या बाजूनं लागला.

मग सुभेदार माझ्याकडं बोट करून म्हणाले, "म्याडम, ह्या बाई त्या वस्तीच्या जातीच्या. फाईल दुसऱ्याकडं द्या."

माझे कान तापले. मीच म्हणाले, "देते, मॅडम."

"न्हाई," मॅडम म्हणाल्या. "फाईल तुमच्याकडंच ऱ्हाईल. निकाल मी देणार हाय. आणि सुभेदार, तुमच्या गावाकडचा अधिकारी मिझोरामला गेला, आणि तिथं कुणी त्याची जात काढून फाईल दुसऱ्याला द्या म्हणलं, तर त्यानं काय करावं?"



दुसऱ्या दिवशी आम्ही जागेवर गेलो. मॅडमच्या सलवारीला काटे लागले, माझी चप्पल तुटली. जुन्या नकाशात वाट स्पष्ट होती. वाट मोकळी करण्याचा आदेश निघाला. सुभेदारांनी अपील केलं नाही. स्वतः कोयता घेऊन काट्या बाजूला केल्या. माझ्याशी मात्र बोलणं बंद.

मॅडमची बदली झाल्यावर महिन्याभरानं बाजारात चहाच्या टपरीवर ते दिसले. मी मान वळवणार, तोच परेडला शोभेल अशा आवाजात ते म्हणाले, "जयभीम, बाई!"

मी चहाचा पेला खाली ठेवला. म्हटलं, "जय हिंद, सुभेदार."

"चहाचं पैसं देऊ नका," त्यांनी हुकूम सोडला.