लिंबाजींची नाव आणि आठ मण माणसं

लिंबाजी भोई माणूस म्हणून कसे होते हे मला नीटसं माहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. चार वर्षं मी त्यांच्या नावेतून रोज दोनदा नदी ओलांडली. तरी त्यांना मुलगे किती आणि मुली किती, हे मला परवा त्यांच्या नातवाकडून कळलं. नातू सोनपेठहून मुद्दाम आला होता. म्हणाला, "आजोबाला पाहिलेले आता तुम्हीच राहिलात. चार ओळी लिहून द्या." मी जन्मात रजेच्या अर्जांपलीकडे फारसं लिहिलेलं नाही. म्हणून एकाच प्रसंगाचं लिहितो. तेवढा मी स्वतः पाहिला, आणि त्यात थोडा उपयोगीही पडलो.

साल १९४६, निजामाचं राज्य. मी तेव्हा तेवीस वर्षांचा. थडीसावंगीत एका खोलीत राहायचो आणि पलीकडच्या काठावरच्या तहतानिया शाळेत, म्हणजे आताच्या प्राथमिक शाळेत, मुलांना मराठी शिकवायचो. गोदावरीला आमच्याकडे सगळे गंगाच म्हणतात. त्या गंगेवर लिंबाजींची नाव चाले. सागवानी, रुंद, त्यांच्या वडिलांनी बांधून घेतलेली. गावकऱ्यांकडून ते उताराचे पैसे घेत नसत. सुगीला प्रत्येक घरातून पायलीभर ज्वारी त्यांच्याकडे जायची.

घाटाचा गुत्ता, म्हणजे ठेका, व्यंकटरावांकडे होता. त्याच्या दहा-बारा वर्षं आधी त्यांची पिठाची गिरणी बंद पडली, तेव्हा तिचं तीन घोड्यांचं इंजिन त्यांनी हौसेने या नावेत बसवलं. रॉकेलवर चालायचं. आवाज एवढा, की पलीकडच्या शाळेत मुलं त्यावरून वेळ ओळखत. उन्हाळ्यात ते झकास चाले. पण पाणी वाढलं की नाव धारेला लागायची आणि घाट सोडून पार खाली, बाभळीच्या बनात जाऊन टेकायची. बाजारच्या दिवशी हे झालं की नर्मदाबाई माळीण डोक्यावर वांग्याची पाटी घेऊन चिखलातून मागे चालत यायची आणि वाटभर लिंबाजींचा उद्धार करायची.

"लिंबाजी, मी सोनपेठच्या बाजारला निघाले होते, का माह्या माहेराला?"

लिंबाजी काही बोलत नसत. बोलणं त्यांच्या बायकोकडे होतं. धुरपदाबाई काठावरून म्हणायची, "माहेर त्याच वाटंनं हाय ना नर्मदाआक्का, मग भेटून यायचं हुतं!"

त्या आषाढात व्यंकटरावांनी परभणीच्या एका जिनिंगमधून मोठं इंजिन आणलं आणि आपल्या गोठ्यात झाकून ठेवलं. सोबत चंद्रभान मिस्त्री. घाटावर चारचौघांत मालक म्हणाले, "लिंबाजी, पोळ्याच्या आत हे बसवायचं. न्हाई जमलं तर सांग. मी नवी नाव आणतो, नवा नावाडी आणतो. ही नाव मग सरपणाला."

लिंबाजींनी हाताचा पंजा नावेच्या मागच्या फळीवर ठेवला आणि तसेच उभे राहिले. एवढंच.

अडचण काय, ते मला चंद्रभानने समजावलं. जुनं इंजिन सहा मणांचं, नवं चौदा मणांचं. ते बसवायचं तर नावेच्या बुडातले दोन आडवे वासे कापावे लागणार. एकदा कापले की जोडता येणार नाहीत. नाव पेलू शकली तर उत्तम. नाही पेलली तर भरल्या गंगेत चाळीस माणसांसकट बसणार. नाही म्हणावं तर नाव जाते, हो म्हणावं तर कदाचित माणसं जातात. आठ-दहा दिवस लिंबाजी नेहमीसारखे नाव हाकत राहिले, पण धार जवळ आली की मागे वळून फळ्यांकडे बघायचे.

मग एका सकाळी नावेत फक्त मी होतो, तर ते एकदम बोलले. "मास्तर, चौदातून सहा गेले किती?"

"आठ."

"आठ मण माणसं बसवून बघतो. इंजनाच्या भवती. वासे कापायच्या आधी."

चार वर्षांत त्यांनी माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य असावं.

पण आठ मण माणसं म्हणजे कोण किती, हे ठरवायला तराजू हवा. तो व्यंकटरावांच्याच कापसाच्या गोदामात होता, आढ्याला टांगलेला. लिंबाजींनी तिथे जाऊन सांगितलं, "मालक, तुमी सोता बसलाव तर माणसं कमी लागतील." बाकीचे हसू दाबत होते. लिंबाजी मात्र हसत नव्हते. व्यंकटरावांना नाही म्हणता येईना, कारण इंजिनाची हौस त्यांची.

मालक पारड्यात बसले. अडीच मण भरले. "धोतर ओलं हाय," ते म्हणाले.

नर्मदाबाईला बोलावलं तर ती दारातच उखडली. "मी काय कापसाचा बोजा हाय का? उद्या गाठी बांधताल!" पण मालक बसले म्हटल्यावर तीही बसली. दोन मण. "पाटी धरून का पाटी सोडून?" धुरपदाबाईने विचारलं, आणि पुढे दोन मिनिटं तोलणाऱ्याला कुणाचंच काही ऐकू आलं नाही. चंद्रभान दीड मण. धुरपदाबाई एवढीशी, एक मणाची. सात झाले. लिंबाजींनी गोदामभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. मी त्या वेळी फारच काटकुळा होतो. एक मण आणि चार शेर भरलो.

"पुस्तकं खाली ठिवा मास्तर," लिंबाजी म्हणाले. पुस्तकं ठेवली. बरोबर एक मण.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाच जण इंजिनाभोवती बसलो. खरं सांगायचं तर तिथे कधीच कुणी बसत नसे. धूर आणि खडखडाट मागे. शिवाय सगळ्यांना पलीकडे आधी उतरून बाजारात मोक्याची जागा धरायची असे, म्हणून सगळे पुढे दाटीने बसायचे. मीही, धोतराला काजळी लागू नये म्हणून, पुढेच. त्या दिवशी पुढे नेहमीची पंधरा-वीस बाजारकरी माणसं होती आणि मागे आम्ही, प्रतिष्ठेने, नव्या इंजिनासारखे.

नाव निघाली. फळ्या शांत. पाण्याचा थेंब आत नाही. व्यंकटराव खूश झाले. "बघ! पेलली का न्हाई?"

काठ पंचवीस-तीस हात मागे पडला असेल, तेव्हा धुरपदाबाई म्हणाली, "अवो, पण इंजन असं गप बसून राहतंय व्हय? ते तर थयथया नाचतंय!"

आमच्या एवढ्या मोजमापात हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मिस्त्रीच्या सुद्धा नाही. तो टोपी काढून डोकं खाजवायला लागला. लिंबाजींनी सुकाणू न सोडता मालकांकडे पाहिलं.

"नाचा मालक," ते म्हणाले.

अजून डोळ्यांसमोर आहे. घाटाचे गुत्तेदार, रुंद मिशांचे व्यंकटराव, धोतर सावरत भर गंगेत पाय आपटायला लागले. नर्मदाबाई म्हणाली, "मालक, ताल धरा की!" आणि स्वतः दाणदाण पाय मारू लागली. मी आणि चंद्रभान एकमेकांच्या तोंडाकडे न बघता आपटत होतो. पुढची माणसं हसून हसून वाकली. लिंबाजी एका हाताने सुकाणू धरून दुसरा हात फळीला लावून होते, वैद्य नाडी धरतो तसे.

शंभर-दीडशे पावलं झाली असतील. फळ्यांच्या जोडातली राळ सुटली आणि पाणी मालकांच्या टाचेवर आलं.

"थांबा," लिंबाजी म्हणाले. आम्ही थांबलो. पाणीही जवळजवळ थांबलं. धुरपदाबाईने फाटक्या लुगड्याचा पदर तिथे कोंबला. नाव बसलेलं वजन पेलत होती, हादरणारं वजन पेलत नव्हती. व्यंकटराव कपाळ पुसत म्हणाले, "मग झालं. सांगितलं हुतं तसं. ही नाव घाटावरनं काढावी लागंल."

लिंबाजींच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगू शकत नाही, कारण मी मान वर केली नाही. नर्मदाबाईने मात्र केली होती.

"अगं बया," ती म्हणाली, "आपण घाटावर आलोत!"

खरंच. समोर सोनपेठच्या वाटेचा घाट होता. बाभळीचं बन खाली राहिलं होतं. नाव धार सरळ कापून आली होती, त्याच जुन्या इंजिनावर, आणि नाचण्याच्या नादात ते कुणी पाहिलं नव्हतं. चंद्रभान मिस्त्री मागच्या बाजूला पालथा पडून पाण्यात बघू लागला. उठला तेव्हा त्याचं तोंड लहान झालं होतं.

"नाव ढकलणारा पंखा पुरता बुडालाय," तो म्हणाला. "आजवर सगळे पुढं बसायचे, मागली बाजू उचलायची, अन् पंखा अर्धा वाऱ्यात फिरायचा. पाण्याला धरतच नव्हता."

"म्हंजे दहा वर्सं मी तुमच्या घाईपायी चिखल तुडवला?" नर्मदाबाई पुढच्या माणसांवर घसरली.

व्यंकटरावांनी धोतराचा ओला सोगा पिळला. मग म्हणाले, "इंजन माह्या विहिरीवर बसवतो. उसाला पाणी तरी व्हईल." आणि थोड्या वेळाने, "नाव राहू दे."

लिंबाजी तेव्हा वाकून राळेची फट बोटाने चाचपत होते. त्यांनी ऐकलं की नाही ते कळलं नाही. पण त्या दुपारी परत येताना ते सबंध वाट शीळ घालत होते. त्यांना शीळ येते हे धुरपदाबाईलाही माहीत नव्हतं, असं ती म्हणाली.

तेव्हापासून नावेचा नियम ठरला: जड माणसांनी मागे बसायचं. व्यंकटराव आले की त्यांची जागा ठरलेली, काजळीतली. भाद्रपदात गंगा दोन्ही काठ भरून वाहिली, तरी बाजार वेळेवर पोचला. आणि माझं वजन एकच मण असूनही लिंबाजी मलाही मागेच बसवत. का, ते मी कधी विचारलं नाही. त्या चाचणीची आठवण म्हणून असेल, किंवा नसेलही.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात माझी जिंतूरला बदली झाली. निघताना लिंबाजींना काय सांगायचं ते मी घोकून ठेवलं होतं. पत्र्याची पेटी घेऊन नावेत चढलो आणि नेहमीप्रमाणे बोलणं राहून गेलं. पेटी कुठे ठेवावी म्हणून मी मध्येच उभा राहिलो.

"पेटी पुढं ऱ्हाऊ द्या मास्तर," लिंबाजी म्हणाले. "तुमी मागं सरका."

"सरकलो, मामा," मी म्हणालो.