अध्यक्षांच्या फ्लेक्सवरची अतिशयोक्ती

वाढदिवसाच्या फ्लेक्सवरची मराठी वाचली की मला मळमळतं. शी! आणि ती मराठी मीच लिहितो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वसमत तालुक्यातल्या एका खासगी शाळेत मी दहावीला मराठी शिकवतो. आमच्याकडे रीतच आहे, संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाचा मजकूर मराठीच्या सरानं लिहायचा. नेमणूकपत्रात हे काम नसतं. पहिल्याच वर्षी मुख्याध्यापक म्हणाले, "तुमचा इषयच हाय ना सर, टाका की दोन ओळी."

दोन ओळी कसल्या, अलंकारांचा अख्खा धडा त्यात रिकामा होतो. अध्यक्ष सूर्यासारखे, ही उपमा. तेवढ्यानं त्यांचं पोट भरत नाही, म्हणून अध्यक्ष म्हणजे सूर्यच, हे रूपक. पासष्टीच्या माणसाला 'उगवता सूर्य' लिहिताना माझे हात कसे झडले नाहीत, देव जाणे! कर्तव्यदक्ष, कार्यतत्पर, कर्तृत्ववान, हा अनुप्रास तर त्यांना फारच गोड लागतो. तरी लिहायचो. माझ्या कायम मान्यतेचा प्रस्ताव सात वर्षं त्यांच्या सहीवाचून अडला होता. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, दुसरं काय!

गेल्या वर्षी तर मी ताळच सोडला. फाट्यावरच्या फ्लेक्सला ओळ दिली, 'यांच्याच आशीर्वादाने घराघरातली चूल पेटते.' अध्यक्षांनी फोन करून शाबासकी दिली.

त्याच आठवड्यात वर्गात अतिशयोक्ती आली. आहे त्याहून कितीतरी फुगवून सांगितलं की अतिशयोक्ती, असं शिकवलं. म्हणालो, उद्या उदाहरण आणा, पण गाईडमधलं नको, डोळ्यांनी बघितलेलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी तांड्यावरची एक पोरगी उठली. सरळ पोरगी, कुणाची खोडी काढणं तिला जमतच नाही. तिनं वहीतून फ्लेक्सवरची ओळ वाचली अन म्हणाली, "सर, ही अतिशयोक्ती हाय. आमची चूल तर माय पेटवती. पहाटं उठून, हळद काढायला जायच्या आधी."

वर्ग खदखदून हसला. इतकं बराबर उदाहरण मला वीस वर्षांत कुणी दिलं नव्हतं. मी "शाब्बास" म्हणालो, तेही दाराकडे बघत, दबक्या आवाजात.

मधल्या सुट्टीपर्यंत गोष्ट अध्यक्षांच्या कानावर गेली. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. "काय शिकवून राहिले तुमी? साहेब लई भडकले. म्हणले, त्या सरची सही कशी होती तेच बघतो." मग आवाज खाली आणून त्यांनीच तोडगा काढला. "वर्गात सांगून टाका, ती अतिशयोक्ती न्हाई. स्वभावोक्ती हाय म्हणावं." स्वभावोक्ती म्हणजे जे जसं आहे त्याचं तसंच हुबेहूब वर्णन. ऐकून वाटलं, ह्यांच्या टेबलावरच थुंकावं. पण मी "बरं सर" म्हणालो.

वर्गात जाऊन फळ्यावर ती ओळ लिहिली अन पुढे 'स्वभावोक्ती' लिहिलं. ह्या वेळी कुणी हसलं नाही. ती पोरगी उभी राहिली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मंग मी चुकले का सर?"

"व्हय. चुकलीस."

"बोर्डात असं आलं तर काय लिहू?"

"मी आता सांगितलं तेच."

तिनं पट्टी लावून आपलं उत्तर खोडलं, खाली सुबक अक्षरात माझं लिहिलं अन वही तपासायला आणून दिली. मी लाल पेनानं बरोबरची खूण केली.

चार दिवसांनी सही झाली. मी वर्गात पेढे वाटले. आपला पेढा घ्यायच्या आधी ती वाकून माझ्या पाया पडली.