शॉवरचं पहिलं पाणी

डॉ. सुमन गड्डम यांची आणि माझी ओळख त्यांच्या ओरडण्यानेच झाली. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मी नवा तंत्रज्ञ होतो आणि बाटलीवर जागा लिहायची विसरलो होतो. "नळाचा पत्ता न्हाय, मग पाण्याचं काय करू?" म्हणत मॅडमनी मला भर उन्हात पुन्हा सात रस्ता चौकातल्या त्या नळाकडे पिटाळले. आज मॅडम साठ वर्षांच्या होत आहेत. त्या निवृत्त झाल्या, त्यांचा राग झालेला नाही.

तीन वर्षांपूर्वी एका सार्वजनिक तरणतलावावर पोहणाऱ्या तिघा ज्येष्ठांना एकापाठोपाठ न्यूमोनिया झाला. लोक म्हणाले, वय झालं. मॅडमनी तिघांच्या घरी जाऊन एकच विचारले, पोहल्यावर अंघोळ कुठे केली? तिघेही गरम शॉवरखाली. सोलरच्या टाकीत कोमट पाणी साचून राहिले की त्यात जंतू वाढतात आणि तुषारांतून थेट छातीत जातात. हे तलावाच्या समितीला सांगताना मॅडमचा घसा बसला. सचिवांचे पालुपद एकच, "पाणी बघा की मॅडम, आरशागत हाय. क्लोरिनचा वास बी येतोय." वास तलावाला होता, शॉवरला नव्हे. पण पालथ्या घड्यावर पाणी!

त्यात माती खाल्ली मी. पिण्याच्या पाण्याचा नमुना घेताना नळ आधी दोन-तीन मिनिटे वाहू द्यायचा, ही आमची जन्माची सवय. इथे शॉवरचे पहिलेच पाणी घे, असे मॅडमनी बजावले होते. हाताने ऐकले नाही. साचलेले पाणी गटारात गेले आणि अहवाल स्वच्छ आला. समितीने तो मोठ्या थाटात फलकावर डकवला. तो वाचून माझे थोरले बंधू तिथे अंघोळ करून आले आणि आठवड्याने ऑक्सिजनवर होते.

रुग्णालयाच्या जिन्यात मॅडम भेटल्या. "सोडून दिलास व्हय पहिलं पाणी?" मी रडलो. त्या शेजारी बसून राहिल्या. मग भांडून शॉवरला कुलूप घालायला लावले आणि स्वतः नमुना घेतला. त्यात जंतू सापडले. समितीपुढे मात्र म्हणाल्या, "पहिल्या अहवालावर सही माझी, चूक माझी." ती चूक माझी होती हे आजवर कुठे आले नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

आता तीच समिती त्याच तलावाच्या सभागृहात मॅडमचा सत्कार करते आहे. शॉवर पुन्हा सुरू आहेत. टाकी कधी धुतली विचारले, तर "बघतो की!" मॅडमचा मला फोन आला, "येताना बाटली आण."

मॅडमना निरोगी शंभर वर्षे लाभोत. आमची ही तऱ्हा पाहता तेवढी लागतीलच. दादाही येणार आहेत, जिन्यात दोनदा थांबून. बाटली मी पिशवीत ठेवली आहे. या वेळी पहिलेच पाणी घेईन.